चाव्यापासून मेंदूपर्यंत

(दृश्य: पहाट, रामकुंड)

गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदावरीवर, अजून गर्दी व्हायची आहे. पायऱ्यांवर चार-पाच कुत्री मुटकुळं करून झोपलीत. फुलवाल्या मावशी त्यांना वळसा घालून टोपली मांडतात. इकडे घाटावर असं, तिकडे द्राक्षबागेत तर राखणीला कुत्रं लागतंच. नाशिकचं आणि कुत्र्यांचं सख्य जुनं आहे.

माणसाला रेबीज होतो तो बहुतेक याच सोबत्याकडून. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं यानं दगावतात, असा अंदाज आहे. आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या जनावराचा चावा आहे आणि त्यानंतरचा ‘जलत्रास’ही आहे.

(दृश्य: पोटरीवरची जखम)

लाळेतला विषाणू जखमेत उतरतो. रक्तातून तो पसरत नाही. मज्जातंतू धरतो आणि त्या वाटेनं मेंदूकडे निघतो. पायाला चावलं तर वाट लांबची, मानेला किंवा चेहऱ्याला चावलं तर अगदी जवळची. लहान मुलांची काळजी जास्त ती यामुळेच. कुत्र्याचं तोंड सहज त्यांच्या चेहऱ्याशी पोचतं. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाच, कधी वर्षही. तोवर माणूस धडधाकट असतो, जखम भरते, घरचे विसरतात. मग जुन्या जखमेशी मुंग्या येतात, ताप चढतो, पाण्याचा पेला समोर धरला तरी घशाला आचके बसतात. इथवर गेलेला माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून जे करायचं ते विषाणू वाटेत असतानाच.

(दृश्य: अंगणातला नळ)

आधी नळ सोडा. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटं. घड्याळ लावा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्याहून फार लांब असतात. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबण तेच फोडतो. चुना, हळद, तिखट यातलं काहीही जखमेत भरू नका.

मग थेट दवाखाना. कुत्रं मरतं का हे बघत थांबायचं नाही. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. अंजनेरीला माकडानं ओरबाडून रक्त काढलं असेल, तरीही जायचं.

१८८५ च्या जुलैत, पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याची आई पॅरिसला, रेबीजची लस शोधणाऱ्या लुई पाश्चर या शास्त्रज्ञाकडे घेऊन आली. तेरा टोचण्या झाल्या आणि पोरगा वाचला. आपल्याकडे पुढे मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस आली. तिची ‘बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं’ आजही आजी-आजोबा सांगतात, आणि ती धास्ती मनात धरून माणसं अजून टाळाटाळ करतात. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात, त्वचेत दिली तर चार दिवस : पहिला, आणि तो शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. लशीची ताकद अंगात यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. जखमेतून रक्त आलं असेल तर तेवढ्या काळासाठी जखमेतच सीरम, म्हणजे विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडं, टोचतात. ते आवर्जून विचारा.

(दृश्य: पुन्हा घाट)

वस्तीतल्या शंभरपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर विषाणूला पुढचं कुत्रं सापडत नाही. पण पिल्लं होतच राहतात, म्हणून ही मोहीम दरवर्षी करावी लागते. पायरीवरच्या या कुत्रीला चार पिल्लं आहेत. तीन महिन्यांची झाली की त्यांची पाळी.