शेवटचे धड कधी होते?

(दृश्य: लातूर. सकाळ. न्यूरो वॉर्डच्या दारात स्ट्रेचर.)

"वारं गेलंय बगा म्याडम. तोंड वाकडं झालं, बोलायलेत पण धड कळंना."

औसा तालुक्यातल्या एका गावातून जीपमध्ये घालून आजोबांना आणलंय. सिस्टरांनी साखर बघायला बोटाला सुई टोचली, दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला आणि सोबत आलेल्या मावशींना विचारलं, "शेवटचे धड कधी होते?"

कधी पडले, हे विचारलं नाही. वारं जाणं म्हणजे पक्षाघात. मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा ठीक दिसला तिथपासून मोजतात. मावशींच्या घरी घड्याळ आहे, पण दिवस त्याच्यावर चालत नाही. "धारा काढल्या तवा चांगले होते की." धारा किती वाजता? "झुंजूमुंजू झाल्यावर." मग सिस्टर पहिल्या एसटीवरून, नळाला पाणी कधी आलं यावरून वेळ लावायला बसतात. नर्सिंगच्या कुठल्याही वर्षाला हे शिकवत नाहीत.

आज नातवाच्या खिशात डेअरीची पावती निघाली. लिटर, फॅट आणि कोपऱ्यात वेळ: ६:४२. दूध आजोबांनीच घातलं होतं. फॅट कमी लागली म्हणून डेअरीवाल्याशी भांडलेसुद्धा. म्हणजे ६:४२ ला जीभ ठणठणीत होती. केसपेपरवर तीच वेळ चढली. आता नऊला दहा कमी आहेत. ११:१२ पर्यंत मुदत आहे खरी, पण मुदत आहे म्हणून कुणी थांबत नाही. मेंदू मिनिटामिनिटाला जातो.

(दृश्य: सीटी स्कॅनचा पडदा.)

रक्तस्राव सीटीत पांढरा दिसतो. तो असेल तर हेच औषध जिवावर बेतेल. गुठळी असेल तर सुरुवातीच्या तासांत सीटीत काही दिसतंच असं नाही. म्हणून "सीटी क्लिअर" ऐकलं की नातू विचारतो, "मग सुई कशाला?" डॉक्टर सांगून पुढे गेलेले असतात. दुसऱ्यांदा, गावच्या भाषेत सांगणं सिस्टरांकडे.

तपासणीत महिना आणि वय विचारतात. आजोबा जड जिभेनं म्हणाले, "भादवा." वय? "पोलीस ॲक्शनच्या साली जलमलो." म्हणजे निजामाच्या हैदराबादवर लष्कर गेलं ते १९४८. माणूस पूर्ण भानावर आहे, पण फॉर्म बनवणाऱ्याला भादवा ठाऊक नव्हता. सिस्टरांना आहे.

साडेनऊला औषध सुरू झालं. दहावा हिस्सा एका दमात, बाकीचं तासाभरात पंपानं. मग पहारा. दोन तास दर पंधरा मिनिटांनी, सहा तास दर अर्ध्या तासानं, पुढे चोवीस तास भरेपर्यंत तासातासाला. एका माणसामागे छत्तीस वेळा बीपी, डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च, "हात उचला, धरून ठेवा." डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, बीपी एकदम चढलं, तर रक्तस्रावाची शंका घ्यायची आणि पंप चालू असेल तर आधी तो बंद करायचा.

मावशींनी बाटलीचं झाकण उघडलं. सिस्टरांनी हात धरला. "मावशी, थेंबसुद्धा नको." आधी बसतं करून एक चमचा पाणी देऊन बघतात. ठसका लागतो का, आवाज ओला होतो का. गिळता येत नसेल तर तेच पाणी फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. गावात मात्र माणूस पडला की पहिलं काम तोंडात पाणी घालायचं.

शेजारच्या खाटेवरचे काका रात्री नऊला हरिपाठ म्हणून झोपले आणि पहाटे साडेपाचला अर्धं अंग लुळं पडलेले सापडले. त्यांचं घड्याळ नऊलाच सुरू झालेलं. खास स्कॅन करून अशा काहींना औषध देता येतं, पण काकांच्या बाबतीत ते जमलं नाही. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलायची. सिस्टर सुनेला दाखवतात, "लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. पाठीखालून हात घाला. हं, असं." सून तिसऱ्या खेपेला बरोबर करते.

(दृश्य: दुपारचे दोन. ड्युटी बदलते.)

"खाट चार, तेरा झाले, तेवीस राहिले. पुढचं अडीचला. खाट पाच, डावी कूस, तीनला बदला."

सिस्टर पर्स उचलतात तेवढ्यात मावशी मागून येतात.

"म्याडम, ती दुधाची पावती तेवढी द्या की. बिलाला लागती."