पौष शुद्ध अष्टमीचा चंद्र : ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

मंडळी, ऐतिहासिक कादंबरीचे हस्तलिखित तपासायला घेतले की लढाईची प्रकरणे बाजूला ठेवावीत. लढाईचा अभ्यास लेखकाने केलेलाच असतो. आधी पाहावे ते आकाश, मग रस्ता, मग ताट. चुका सापडतात त्या तिथेच, कारण तिथे अभ्यास लागतो हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. आज पानिपतची मोहीम समोर ठेवून बोलू. हा विषय मोठ्यांसाठी लिहिणारेही घेतात आणि कुमारांसाठी लिहिणारेही.

लढाईचा दिवस १४ जानेवारी १७६१, बुधवार. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. पुष्कळ लेखक ही ओळ प्रकरणाच्या डोक्यावर छापतात आणि तिथेच सोडून देतात. जरा थांबून तिच्याकडे पाहा. शुद्ध अष्टमीचा चंद्र अर्धा असतो. तो दुपारी उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. आदल्या रात्रीचा सप्तमीचा चंद्र त्याहून थोडा आधीच बुडालेला. म्हणजे पहाटे तळावर तयारी चालली ती दिवट्यांच्या उजेडात, वर मिट्ट काळोख. आणि दिवस हरल्यावर जे पळाले त्यांना मध्यरात्रीपर्यंत अर्धे चांदणे होते. ते पाठलाग करणाऱ्यालाही होतेच. लपायची सोय झाली ती चंद्र मावळल्यावर. एका तिथीत अख्खे प्रकरण दडलेले आहे, आणि तरी हस्तलिखितांत त्या रात्री पूर्ण चंद्र उगवतो.

दुसरी चूक संक्रांतीची. आपल्या बोलण्यात ‘पानिपत’ आणि ‘संक्रांत’ एकमेकांना इतके चिकटलेत की लेखक त्या सकाळी तिळगूळ वाटून मोकळे होतात. पण मकरसंक्रांत आज १४ किंवा १५ जानेवारीला येते म्हणून तेव्हाही तशीच येत होती असे नाही. दर सत्तर-बहात्तर वर्षांनी ती साधारण एका दिवसाने पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. आणखी शंभर वर्षे मागे गेलात तर संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे लढाईच्या दिवशी सण उलटून चार-पाच दिवस झाले होते, तोही उपासमारीत. मला विचाराल तर हेच दृश्य जास्त बोलके आहे.

तारखा जुळवायची रीत थोडक्यात सांगतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत मात्र ७९ मिळवायचे. मोडी कागदांवर शुहूर सन असतो, अरबी अंकनावांनी लिहिलेला: ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ अधिक ६००, आले १७६१. हे विसरले की पत्र बरोब्बर एक वर्ष चुकीच्या जागी बसते आणि मेलेला माणूस उत्तर पाठवतो.

सतराव्या शतकावर लिहिणाऱ्यांसमोर आणखी एक खड्डा आहे. गोव्याचे पोर्तुगीज नवे (ग्रेगोरियन) कॅलेंडर वापरत, सुरत-मुंबईचे इंग्रज जुने (ज्युलियन). एकाच दिवसाच्या दोघांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक पडतो. शिवाय इंग्रजांचे वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे जानेवारी १६६४ मधली सुरतेची लूट त्यांच्या कागदांत १६६३ ची दिसते. अफझलखानाच्या भेटीची १० नोव्हेंबर १६५९ ही आपली परिचित तारीख जुन्या कॅलेंडरची आहे, नव्याने ती २० नोव्हेंबर होते. एका कादंबरीत एकच पद्धत धरा. आणि पात्रांच्या तोंडी तिथी, वार, नक्षत्र, सण एवढेच ठेवा. ‘पाच मिनिटांत येतो’ असे तेव्हाचा कोणीही म्हणणार नाही. घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा, त्याहून बारीक हिशेब ज्योतिषाकडे.

आता रस्ता. भाऊसाहेबांची, म्हणजे सदाशिवराव भाऊंची, फौज मार्चच्या मध्यात मराठवाड्यातल्या परतुराहून निघाली आणि दिल्लीचा किल्ला हाती आला ऑगस्टच्या सुरुवातीला. हजार-बाराशे किलोमीटरला साडेचार महिने. मुक्काम, बाजारबुणगे, तोफांचे बैल, पावसाळ्यात फुगलेल्या नद्या हे सगळे धरून सरासरी दिवसाला सात ते नऊ किलोमीटर पडते. उलट पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ (आजचे विदिशा) जानेवारीच्या २४ तारखेच्या सुमारास लागली, तीही सावकारी पत्रातून, मोती गळाले आणि मोहरा हरवल्या अशा सांकेतिक भाषेत. सुमारे सातशे किलोमीटर दहा दिवसांत. बातमी फौजेच्या आठ ते दहापट वेगाने धावते. हे गणित भिंतीवर लावून ठेवा. पुण्याहून निघालेली आज्ञा तळावर पोचते तेव्हा ज्या प्रसंगासाठी ती लिहिली तो उलटून गेलेला असतो. बऱ्याच हस्तलिखितांत मात्र जासूद (निरोप नेणारा) दोन पानांत जाऊन येतो, आणि त्या काळातले खरे नाट्यच नाहीसे होते.

ताटाबद्दल. उपवासाचे ताट ही परीक्षाच समजा. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची ही सगळी अमेरिका खंडातून आलेली मंडळी. आज खातो तो टॅपिओकाचा साबुदाणा तर सेलमच्या कारखान्यांतून १९४० च्या दशकात सुरू झाला, त्यामुळे जिजाबाईंच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी नको. वरी, शिंगाडा, दूध, केळी निर्धास्त वापरा. मिरची पेशवाईत चालेल; १६५० च्या मावळात मात्र मिरीच बरी. टोमॅटो आणि चहा दोन्ही ठिकाणी नकोत.

हत्यारांचे एकच सांगतो. तोड्याच्या, म्हणजे जळत्या दोरीने पेटणाऱ्या, बंदुकीत दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, कानात (बत्तीच्या भोकात) रंजूक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, भरा, पेटता तोडा फुंकून सावरा, मग झाडा. सरावलेल्या माणसालाही मिनिटाला एक-दोन बार. तोडा भिजला तर तेवढेही नाही. नायक पावसात सटासट गोळ्या झाडत असेल तर ते पान फाडा.

कुमारांसाठी लिहिताना लोक इतिहास पातळ करतात. पातळ करायची ती पात्रांची गर्दी. मुलाला सदाशिवराव आणि भाऊसाहेब एकच हे कळत नाही. बाळाजी बाजीराव, नानासाहेब आणि श्रीमंत हे तीन माणसे वाटतात. त्यात नाना फडणीस आला की संपलेच. प्रत्येकाला एक नाव द्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. नाव असलेली पात्रे दहा-बारा पुरेत. लांबी तीस-चाळीस हजार शब्द. पेशव्याच्या डेऱ्यातला नायक घेऊ नका, तिथे मुलाला करायला काही नसते. बुणग्यांत बायकामुले होती, यात्रेकरू होते, वाणी, लोहार, खोगीर शिवणारे होते. तेरा वर्षांचा मुलगा तिथे काम करणारा माणूसच होता. तेव्हा त्याचे लग्न झालेले असू शकते आणि घरातली मुलगी आठव्या-नवव्या वर्षी सासरी दिलेली असू शकते. हे गाळू नका. मुलाच्या नजरेला जेवढे दिसेल तेवढेच सांगा आणि आजचे मत त्याच्या तोंडी घालू नका. लढाईनंतर बायकामुले गुलाम म्हणून नेली गेली हेही एका ओळीत, पण स्पष्ट यायला हवे.

वय जुळवायला खरी माणसेही हाताशी आहेत. विश्वासराव अठरा वर्षांचे. त्याच सालात पुढे पेशवाईची वस्त्रे घेणारे माधवराव सोळाव्या वर्षात. नाना फडणीसही तेव्हा अठराचेच, आईला आणि पत्नीला घेऊन फौजेबरोबर आलेले; ते वाचले आणि पुढे आत्मवृत्तात त्यांनी ती पळापळ लिहून ठेवली. कुमार कादंबरी लिहिणाऱ्याने बखरींच्या आधी ते वाचावे. बखरकार पुष्कळदा नंतर आणि लांबून लिहितो, हा तर पळत होता.

भाषेत ‘धन्यवाद’, ‘अभिनंदन’, ‘कृपया’ नको. फारसी शब्दांची पेरणीही वाक्यागणिक नको. दर पानाला दोन-तीन, आणि अर्थ प्रसंगातून कळेल असे. शंका आली तर य. न. केळकरांचा ऐतिहासिक शब्दकोश उघडा. शेवटी ‘खरे कोण, कल्पित कोण’ अशी दोन पाने जोडा. मोठ्यांच्या पुस्तकातही ती हवीत, पण आपल्याकडे मोठ्यांना हे विचारायची सवय नाही.

आणि नकाशा. त्यावर आजच्या राज्यांच्या सीमा नकोत, नद्या आणि उतार हवेत. विदिशा नव्हे, भेलसा लिहा. कोपऱ्यात किलोमीटरच्या पट्टीखाली दुसरी पट्टी काढा: फौजेचा एक दिवस एवढा, जासुदाचा एवढा.