वॉचमनकाकांची खुर्ची

नमस्कार श्रोतेहो. आज रात्री जेवणं आटोपली की बिल्डिंगच्या पश्चिमेकडच्या भिंतीला जरा तळहात लावून बघा. सूर्य मावळून तीन तास झाले तरी भिंत चांगली ऊन लागेल, चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यासारखी.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मातीचं आवार काढून पेव्हर ब्लॉक बसवले. चिखल गेला, हे खरं. पण वॉचमनकाकांची खुर्ची फिरती झाली. भर दुपारी ती आंब्याखाली असते आणि रात्री आंबा सोडून मागच्या उरल्यासुरल्या गवतावर. भटकी कुत्रीही तिथेच पसरलेली.

काकांचं गणित अगदी बरोबर आहे. नवा डांबरी रस्ता उन्हातली ९० टक्क्यांच्या वर उष्णता पिऊन टाकतो. काँक्रीट रंगाने फिकं, पण जाड. दिवसभराची उष्णता पोटात साठवतं. रात्री ही उष्णता आभाळाकडे निघून जायला हवी. पण टॉवरच्या दाटीत आभाळ दिसतंच किती? एका भिंतीने सोडलेली उष्णता समोरची भिंत घेते. त्यात आपली खाडीकाठची दमट हवा. तिच्यातली वाफ निघालेल्या उष्णतेतली बरीचशी खाली परत पाठवते. वर एसींचे गरम झोत आहेतच. लंडन शहर आसपासच्या गावांपेक्षा रात्री जास्त उबदार असतं, हे ब्रिटिश हवामान अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोजून दाखवलं होतं.

मग झाड काय करतं? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. झाड पानांतून पाणी सोडतं आणि ती उष्णता भोवतालातून घेतं. रात्री मात्र पानांची बहुतेक छिद्रं मिटतात, शिवाय दाट पर्णसंभार जमिनीवर पांघरुणासारखा राहतो. म्हणून उघडं गवत आंब्याखालच्या जमिनीपेक्षा लवकर निवतं. झाडाची खरी कमाई दिवसाची: भिंत आणि पार्किंग मुळात तापूच द्यायचं नाही. तेव्हा झाड लावायचं ते पश्चिमेला, भिंतीवर सावली पडेल असं.

आणि हो, तलावपाळीवर रात्री गार वाटतं, त्याचं श्रेय मी पाण्यापेक्षा मोकळ्या वाऱ्याला देईन. पाणी सावकाश तापतं, तसंच सावकाश निवतं.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे. त्या गवतावरही ब्लॉक टाकायचा विषय आहे. एरवी मी मीटिंगला जात नाही. या वेळी जाणार आहे.