लेणी पांडवांची कशी झाली?

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकला मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर 24 बौद्ध लेणी आहेत. नाव मात्र पांडवलेणी. वर्गात मी पहिला प्रश्न हाच टाकते: इथे पांडव आले कुठून? मागच्या बाकावरून उत्तर येतं, ‘मॅडम, एका रात्रीत खोदली त्यांनी.’ वर्ग हसतो. पण महाराष्ट्रात कितीतरी लेण्यांबद्दल हेच सांगतात. एवढा कातळ माणसाच्या हातून फुटेल, यावर विश्वास बसत नाही. मग भीमाला बोलवावं लागतं.

गंमत पुढे आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला. मुलाचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सांगताना ती राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांची नावं घेते. लेणं भिक्षूंसाठी, दाखला महाभारतातल्या वीरांचा! लेण्यांचं नाव त्यावरून पडलं असं नाही, ती ब्राह्मी लिपी पुढे वाचणार कोण होतं? पण गोष्टी सरमिसळ करत जगतात, हे मुलांना त्या भिंतीसमोर उभं राहून जितकं कळतं तितकं माझ्या नोट्समधून कळत नाही.

म्हणून मी आधी नोट्स देत नाही. घरातून एक गोष्ट आणायची. मोबाइलवरची चालणार नाही. कुणी सांगितली, कुठे, कुठल्या निमित्तानं, तेही लिहायचं. वणीकडचा मुलगा सप्तशृंगीची आणतो: समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पाठ म्हणतात, तो ऐकायला देवीनं मान कलती केली आहे. त्र्यंबकची मुलगी गौतम ऋषी आणि गोदावरीची आणते. अंजनेरीची निघाली की वाद ठरलेला, कारण हनुमानाचा जन्म आमच्याकडचा असं हंपीजवळचे लोकही म्हणतात आणि तिरुमलावालेही. 2022 साली नाशकातच यावर धर्मसभा भरली होती. तिथे निकाल लागला नाही, वर्गात मी तो लावू बघत नाही. कोण सांगतंय आणि कुठे उभं राहून सांगतंय, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

सुरगाण्याची एक मुलगी गोष्टीऐवजी थाळीच घेऊन आली. थाळीच्या मध्यभागी मेणानं एक काडी उभी केली आणि तिच्यावरून बोटं वरून खाली ओढू लागली. थाळी घुमायला लागली. तिचा आजा कोकणा समाजातला थाळकथा सांगणारा. तिनं कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची कथा सुरू केली आणि मध्येच थांबली. म्हणाली, ‘हुंकार द्या की! नाहीतर पुढं कशी सांगू?’ हजेरीला जोरात ‘यस मॅडम’ म्हणणारी पोरं हुंकार द्यायला लाजली. तासाची घंटा झाली तेव्हा कथा जेमतेम सुरू झाली होती. पुढची ऐकायची तर रात्र काढावी लागेल, एवढंच ती म्हणाली.

यानंतर जुनी कथा मोडून स्वतःचं लिहायचं. एकानं शूर्पणखेची फिर्याद लिहिली. घटनास्थळ पंचवटी, हत्यार, साक्षीदार, सगळं रीतसर. पेठच्या मुलांनी बोहाड्यातली, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवातली सोंगं कागदाच्या लगद्यातून केली. संबळ मिळेना, तर बाक बडवले. आणि काहींनी नुसती पात्रांना जीन्स घातली. त्यांना मी कमी गुण देते. मूळ कथा तीन जणांच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती मोडायला घेऊ नये, एवढा एकच नियम आहे.

यंदा मुलं जिल्ह्याचा नकाशा करताहेत, गावागावातल्या गोष्टींचा. पेठ-सुरगाणा भरत आलंय. सिन्नर, निफाड अजून कोरं आहे. तिकडच्या आजी-आजोबांनी जरा मनावर घ्यावं. नमस्कार.