फळमाशीचा सापळा एकट्याच्या बागेपुरता नको

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

मानकुराद आंब्याचा हंगाम रंगात आला की फळमाशीचाही जोर वाढतो. पाडाला आलेल्या आंब्याच्या सालीखाली मादी अंडी घालते, अळ्या आतला गर खातात, आणि फळ बाहेरून निर्दोष दिसत राहिल्यामुळे बागायतदाराला नुकसान कळते ते आंबा कापल्यावरच. गरात शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी सहसा पोहोचत नाही आणि काढणीच्या तोंडावर मारलेले औषध मात्र फळावर राहून खाणाऱ्याच्या पोटात जाते.

म्हणूनच मी गंधसापळ्याचा, म्हणजे बरेच जण ज्याला फेरोमोन सापळा म्हणतात त्याचा, आग्रह धरतो. त्यातले मिथाइल युजेनॉल हे काटेकोर अर्थाने फेरोमोन नव्हे, कारण फेरोमोन हा गंध कीटक स्वतः सोडतो आणि हे द्रव्य तुळशीसारख्या वनस्पतींत आढळते. तरीही त्याच्या वासाने नर माशा दुरून ओढल्या जातात. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने हे १९१५ साली नोंदवले होते. पुढे १९६० च्या दशकात पॅसिफिक महासागरातील रोटा बेटावरून हीच माशी या द्रव्याला कीटकनाशकाची जोड देऊन समूळ नाहीशी करण्यात आली.

रोटावर हे साधले, कारण तिथे संपूर्ण बेटावर एकाच वेळी उपाय झाला. सापळ्यात पडतात ते केवळ नर. नर पुरेसे घटले तर माद्यांचा संयोग होत नाही आणि त्यांची अंडी वांझ राहतात. परंतु शेजारच्या भाटात, म्हणजे बागेत, संयोग झालेली मादी आपल्या झाडावर येऊन बसली, तर आपला भरलेला सापळा तिला अडवू शकत नाही. त्यामुळे फळे पक्व होण्याच्या बऱ्याच आधी, वाड्यावरच्या सगळ्यांनी मिळून सापळे लावावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. झाडाखाली गळलेली फळेही रोज गोळा करून खोल पुरावीत, कारण त्यांतल्या अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि त्यांतूनच नवी पिढी बाहेर पडते.

पावसाळ्यात चिबूड, दोडकी, कारली लावणाऱ्यांनी मात्र आंब्यासाठीच्या सापळ्यातली मिथाइल युजेनॉलची वडी वेलाच्या मांडवात टांगू नये. वेलवर्गीय पिकांवरची माशी वेगळी आहे, तिचे नर मिथाइल युजेनॉलकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी क्यू-ल्युअर नावाची वडी मिळते, तीच मागून घ्यावी.