वाऱ्यावरून येणारा रोग आणि त्याचा अंदाज

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

सोलापुरात तंबाखू म्हटलं की मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आयाबहिणी डोळ्यांपुढे येतात. आज मी बोलणार आहे अमेरिकेतल्या तंबाखूच्या शेतांबद्दल. तिथल्या तंबाखूवर ‘ब्लू मोल्ड’ नावाचा रोग पडतो. आपल्या द्राक्षावर पडणाऱ्या केवडा रोगाचा तो जवळचा भाऊबंद आहे, म्हणून पंढरपूर, बार्शी, नान्नजकडच्या बागायतदारांनी जरूर ऐकावं.

उत्तरेकडच्या थंडीत तंबाखूचं पीक मरतं, तसा हा रोगही मरतो. तरी पुढच्या हंगामात तो हजर होतो, कारण दक्षिणेकडून, कॅरिबियन बेटं आणि मेक्सिकोच्या बाजूनं, त्याचे बीजाणू, म्हणजे रोगाचं धुळीसारखं बारीक बी, वाऱ्यावर येतात. 1979 साली तो थेट कॅनडापर्यंत पोचला आणि 20 कोटी डॉलरहून जास्त नुकसान करून गेला. पुढे मेटॅलॅक्झिल या औषधाला न जुमानणारी या रोगाची जात पसरली, तेव्हा तर रोगाची आगाऊ खबर मिळण्याला फारच मोल आलं. 1990 च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या मंडळींनी अशी खबर द्यायला सुरुवात केली. हवामानाचा अंदाज असतो ना, तसाच हा रोगाचा अंदाज.

हे चालायचं कसं? रात्री हवा दमट असली की पानाच्या खालच्या अंगाला निळसर करडी लव उगवते. सकाळी ऊन चढून हवा कोरडी होऊ लागली की त्या लवेवरचे बीजाणू सुटतात आणि वर उचलले जातात. आभाळ स्वच्छ असेल तर कडक उन्हात बरेचसे मरतात. ढगाळ असेल तर जगतात, शेकडो किलोमीटर जातात, आणि वाटेत पाऊस लागला तर त्याच्याबरोबर खाली उतरतात. म्हणून अंदाज देणारे आधी बघायचे, आज रोग नेमका कुठं आहे. मग तिथून निघालेली हवा पुढच्या दोन दिवसांत कुठं जाईल, वाटेत ऊन की ढग, आणि ती पोचेल तिथं पानं ओली असतील का, हे संगणकावर मांडायचे. त्यावरून कुठं धोका जास्त, कुठं कमी, ते कळवायचे.

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो पहिला प्रश्न. रोग कुठं आहे हे कोणा शेतकऱ्यानं सांगितलंच नाही, तर वाऱ्याचा हिशोब सुरू तरी कुठून करायचा?

आपल्याकडेही हे काम जुनं आहे. गव्हाचा काळा तांबेरा मैदानी मुलखातल्या उन्हाळ्यात टिकत नाही, तो डोंगराळ भागातून वाऱ्यानं येतो, हे आग्र्याच्या प्रा. के. सी. मेहतांनी दाखवून दिलं. नोव्हेंबरातली वादळं दक्षिणेतल्या निलगिरी-पळणी डोंगरांकडचे बीजाणू मध्य भारतात कशी आणून टाकतात, ते पुढे नागराजन आणि जोशी या शास्त्रज्ञांनी मांडलं.

द्राक्षाच्या केवड्यात एक फरक आहे, तो नीट ध्यानात घ्या. त्याचं बी आपल्याच बागेत, गळून पडलेल्या रोगट पानांत टिकून राहतं. तिथून तो पावसाच्या शिंतोड्यांनी वेलीवर चढतो आणि मग वाऱ्यानं शेजारच्या बागेत जातो. म्हणजे आपल्यासाठी रोगाचं ठिकाण परमुलखात नाही, बांधापलीकडे आहे. आणि इथंच आपण मार खातो. व्यापारी दर पाडेल या धास्तीनं बागेतला केवडा झाकून ठेवला जातो. धास्ती खोटी नाही, हे मी मान्य करतो. पण लागण झाल्यापासून डाग दिसेपर्यंत काही दिवस गेलेले असतात, आणि तुम्ही गप्प राहिलात की शेजाऱ्याची फवारणीची वेळ हुकते. उद्या त्याची बाग पेटली की तेच बीजाणू तुमच्या नव्या फुटीवर येणार.

फळछाटणीनंतर परतीचा पाऊस झाला, किंवा पानं रात्रभर ओली राहिली, तर सकाळी बागेत फिरा. दाट फुटीतली, खालची पानं उलटून पाहा. वर तेलासारखा पिवळसर डाग आणि त्याच्याच खाली पांढरी लव दिसली, तर त्याच दिवशी सहायक कृषी अधिकाऱ्याला (म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकाला) आणि शेजारच्या बागायतदारांना कळवा. गाव, छाटणीची तारीख आणि पहिला डाग कधी दिसला, एवढं सांगितलं तरी पुरे.

नमस्कार.