थंडीतली चिलापी

श्रोतेहो, नमस्कार.

उजनी धरणाकाठी, भिगवणच्या मासळी बाजारात मरळ, वाम, मोठा कटला आला की बोली चढत जाते. चिलापीचा, म्हणजे तिलापिया माशाचा, ढीग बाजूला स्वस्तात जातो. गंमत म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर हीच चिलापी लोक मिटक्या मारत खातात. घरी आणा म्हटलं की मात्र नाक मुरडतात: नको, चिखलाचा वास येतो. वास येतो हे खरं आहे, पण त्यात माशाचा दोष थोडा. ऋतूचा आणि साफ करणाऱ्याचा जास्त. म्हणून आज तिच्या बाजूनं चार शब्द.

ही मूळची आपली नव्हे. आग्नेय आफ्रिकेतली, मोझांबिककडची. 1952 साली ती भारतात आणली गेली. वाढायला सोपी, गरिबाला परवडणारी मासळी म्हणून. पण ती इतकी वाढली की तळ्यांमधल्या देशी माशांना जागा पुरेना, आणि काही वर्षांतच तिचा प्रसार थांबवायचं ठरलं. तोवर उशीर झाला होता. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, मग तिची पिलावळ का टिकणार नाही? देशी मासे कमी झाल्याची हळहळ मलाही आहे. पण जी पाण्यात आहेच ती पकडून खाण्यात कसलं पाप!

भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. करमाळा, इंदापूर, दौंड या तालुक्यांत त्याचं पाणी पसरलं, आणि चिलापीला घर मिळालं. उन्हाळ्यात हे पाणी आटतं, शेवाळ माजतं. निळ्या-हिरव्या शेवाळातून जिओस्मिन नावाचं मातकट वासाचं द्रव्य पाण्यात उतरतं आणि माशाच्या चरबीत मुरतं. बदनाम झालेला वास तो हाच. पाऊस चांगला झाला असेल तर हिवाळ्यात धरण भरलेलं असतं, शेवाळ कमी असतं. शिवाय गारठ्यात चिलापीची वीण मंदावते, अंगातलं बळ अंड्यांवर खर्च होत नाही. म्हणून मार्गशीर्ष-पौषातली चिलापी भरदार लागते.

मात्र थंडीत ती आळसावते. पाणी फार गार झालं तर खाणंच सोडते. तेव्हा गळ टाकणाऱ्यानं पहाटे कुडकुडत बसू नये. उजनीकाठच्या कुंभारगावला रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांनी खुशाल पहाटे यावं. आपण अकरानंतर, ऊन उथळ पाण्यावर पसरलं की जावं. बुडालेल्या बाभळींच्या आसपास, वारा लागणार नाही अशा कडेला. तंगूस बारीक, गळ लहान, कारण हिचं तोंड लहान. आमिषाला गांडूळ किंवा मळलेल्या कणकेची गोळी. तरंगायला कडब्याच्या ताटातल्या भेंडाचा तुकडा पुरतो. ती हिसका मारत नाही, चोखत बसते. भेंड तिरकं सरकायला लागलं की हलकेच ओढायचं. जाळंवाले संध्याकाळी जाळं लावतात, पण थंडीत मासा हिंडत नाही, मग काठीनं पाणी बडवून त्याला जाळ्याकडे हाकतात. आणि एक सांगून ठेवतो: धरणात मासेमारीला परवाना लागतो, आणि जिथं शहराचं सांडपाणी येऊन मिळतं तिथला मासा घेऊच नये.

आता खरं काम. पाठीच्या परात टोकदार काटे असतात, ते आधी कात्रीनं उडवा, नाहीतर बोट गेलंच म्हणून समजा. अंगाला राख चोळली की मासा हातातून निसटत नाही. खवलं पाण्यात धरून काढा, शेपटीकडून डोक्याकडे, सुरीच्या पाठीनं. पोट चिरताना सुरी खोल नको. पित्ताची हिरवी पिशवी फुटली तर सगळं कडू. चिलापी शेवाळ खाणारी, त्यामुळे आतडं लांबच लांब निघतं. ते काढा, कल्ले उपटा. इथवर सगळेच करतात. पोटाच्या आतल्या भिंतीला एक काळा पातळ पडदा चिकटलेला असतो, तो मात्र बहुतेक घरांत तसाच राहतो, आणि कालवणाची चव तिथंच जाते. जाड मीठ घेऊन तो खरवडून काढायचा, पांढरं मांस दिसेपर्यंत. मणक्याखाली साकळलेलं रक्तही नखानं काढायचं. मग मीठ, हळद आणि लिंबू चोळून पंधरा मिनिटं ठेवायचं. मातकट वास आंबटापुढे टिकत नाही. सुटलेलं पाणी फेकून द्या, मासा पुन्हा धुवा.

तळायची असेल तर दोन्ही अंगांना तिरप्या चिरा द्या. आलं-लसूण, तिखट, मीठ लावा, वरून तांदळाचं पीठ आणि थोडा रवा. तवा चांगला तापू द्या, आणि एक बाजू सुटेपर्यंत उलथणं लावू नका.

माझं मत विचाराल तर थंडीत कालवणच. कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटायचं, लसूण-कोथिंबीर त्यातच. तेलात वाटण परतून सोलापुरी काळं तिखट टाकायचं, चिंचेचा कोळ, गरम पाणी. रस्सा खळखळ उकळला की मगच तुकडे सोडायचे. सात-आठ मिनिटं बास. डाव घालून ढवळू नका, मांस नाजूक असतं. पातेलं दोन्ही कडांनी धरून फिरवायचं. डोकंही टाका, रश्शाला अंग येतं. सोबत बाजरीची भाकरी.

आणखी एक गोष्ट, लहान मुलं असलेल्या घरांसाठी. रोहू-कटल्याच्या मांसात दुबेळके बारीक काटे असतात, चिलापीत ते नसतात. मधला काटा उचलला की पाठीचं मांस सरळ मुलाच्या ताटात वाढता येतं. बाजारात घेताना कल्ला उचलून लाल आहे ना बघा, आणि साफ करून घेतलीत तर तो काळा पडदा तिथल्या तिथेच काढून मागा.